कानावरील समुद्राचा भार

खंडाळ्याचा घाट उतरून गाडी कर्जतकडे येऊं लागली, कीं कानांत दडे बसतात आणि एक आवंढा गिळतांच ते मोकळे होतात, हा अनुभव आपणांपैकीं बहुतेकांस आहे. त्या सगळ्या उतरणींत हवेचा जेवढा भार कानावर वाढतो, तेवढा समुद्रांत अवघ्या दोन फुटांच्या सुमारास वाढतो. आणि दहा मीटर खोलीवर तर एकंदर भार पृष्ठभागावरील भाराच्या दुप्पट होतो. हल्लीं मालवण-तारकर्लीच्या समुद्रांत पाठीवर हवेची नळकांडी बांधून जलसृष्टि पाहण्यास घरोघरचीं मुलेंमाणसें उतरतात. त्यांनीं कानाचें हें शास्त्र थोडें तरी समजून घेणें अगत्याचें आहे.

कानाच्या पडद्याआड हवेनें भरलेली एक लहानशी पोकळी असते. तेथें हवा पोंचण्याचा मार्ग एकच. नाकाच्या मागें घशांत उघडणारी नळी. सोळाव्या शतकांतील इटालियन शारीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याच्या नांवानें ती ओळखली जाते. एरवीं ती मिटलेली असते. गिळतांना वा जांभई देतांना क्षणभर उघडते. पाणबुडा खालीं जातो तसतसें पाणी पडद्यास आंत रेटतें. नळीवाटें हवा आंत गेली, तर दोन्ही बाजू समतोल राहतात. न गेली, तर कान ठणकूं लागतो. सुमारे चार फूट खालीं जाईपर्यंत नळी एकदांहि उघडली नाहीं, तर भारामुळें तिचें तोंड घट्ट दाबलें जातें व मग सहसा उघडत नाहीं. तसेंच खालीं जात राहिल्यास पडदा फाटतो, थंड पाणी आंत शिरून भोंवळ येते आणि वरची दिशा कोणती हेंहि कळेनासें होतें. पाण्याखालीं हें जिवावर बेतूं शकतें.

यावरील प्रसिद्ध उपाय म्हणजे नाक चिमटींत धरून, तोंड मिटून, हळूच फुंकणें. व्हालसाल्व्हा या इटालियन वैद्यानें १७०४ सालच्या आपल्या कर्णविषयक ग्रंथांत तो सांगितला, पण कानांतील पू निघून जावा म्हणून! नाक धरून आवंढा गिळण्याची रीत लंडनच्या टॉयन्बी या कर्णवैद्याची. तर जिभेच्या मागील भागानें हवा वर सारण्याची रीत जर्मन वैद्य फ्रेन्झेल याची. तिन्हींत नाक बंद असणें अवश्य आहे.

आणि येथेंच सबंध चेहरा झांकणाऱ्या मुखवट्याची, म्हणजे 'फुल-फेस मास्क'ची, अडचण उभी राहते. त्यांत नाकानें श्वास घेतां येतो, योग्य साधन जोडल्यास बोलतां येतें, गार वा गढूळ पाण्यापासून चेहऱ्याचें रक्षणहि होतें. परंतु नाकापर्यंत बोट पोंचत नाहीं. म्हणून अशा मुखवट्यांच्या आंत बहुधा मऊ गाद्या बसविलेल्या असतात. मुखवटा खालून वर दाबला कीं त्या नाकपुड्या बुजवितात. गाद्या ज्याच्या त्याच्या नाकाच्या बेताच्या लावाव्या लागतात. नाहीं तर फुंकलेली हवा मुखवट्यांतच निसटते. यास्तव कोरड्या जमिनीवर मुखवटा चढवून दोन्ही कान उघडतात असें पाहिल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. पृष्ठभागावर पोहण्यासाठीं बाजारांत मिळणारे, वर नळी असलेले मुखवटे तर निराळेच. ते घालून कोणीहि बुडी मारूं नये.

नियम थोडे आहेत, पण ते काटेकोर पाळावेत. कान दुखण्याची वाट न पाहतां पृष्ठभागापासूनच आरंभ करावा व दर दोन फुटांस पुन्हां करावें. डोकें वर व पाय खालीं ठेवून सावकाश उतरावें. कान न उघडल्यास कांहीं फूट वर येऊन पुन्हां पाहावें. जोर मात्र करूं नये, कारण आंतरकर्णाचा नाजूक पापुद्रा फाटल्यास श्रवणशक्ति कायमची जाण्याचें भय असतें. सर्दी-पडसें असतां उतरूंच नये. औषधानें नाक तात्पुरतें मोकळें करून गेल्यास त्याचा गुण पाण्याखालीं ओसरतो आणि वर येतांना कान अडकतो. लहान मुलांची नळी अरुंद व आडवी असल्यानें त्यांच्याविषयीं अधिकच जपावें.

पाण्याखालीं बोलतां येईलच असें नाहीं. तेव्हां पंजा आडवा हालवून कानाकडे बोट दाखविण्याची खूण घरांतील प्रत्येकानें आधींच शिकून ठेवावी. पैसे भरले आहेत वा बरोबरचीं मंडळी पुढें गेलीं आहेत, म्हणून ती खूण करण्यास कोणीहि संकोचूं नये.