सह्याद्रीतील शरद

शरद ऋतूचे कौतुक आपल्याकडे बहुधा कोजागरीच्या चांदण्यापाशी थांबते. सपाटीवर राहणाऱ्यास आश्विनातील दिवस म्हणजे केवळ उकाडा वाटतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान सरासरीने सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे सुमारे १,३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वरी तोच आश्विन सुखाचा होतो.

तेथील पहाट विशेष पाहण्याजोगी. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते. गार, जड हवा उतारावरून खाली ओघळते आणि पावसाने भिजलेल्या दऱ्यांत धुके साचते. डोंगरमाथे तेवढे बेटांसारखे वर दिसतात. ऊन चढले की हा सागर पाहता पाहता विरतो.

साताऱ्याजवळच्या कास पठारावर भाद्रपद-आश्विनात सोनकी पिवळी होऊन पसरते. जोडीला गुलाबी तेरडा आणि निळसर ‘सीतेची आसवे’. नाव करुण, पण वनस्पती मोठी धूर्त! जांभ्या खडकावरच्या पातळ मातीत नत्र फार थोडे. ती उणीव ही चिमुकली आपल्या मुळांसारख्या तंतूंवरील सूक्ष्म फुग्यांत जलजीव पकडून भरून काढते. यांतील बहुतेक रोपे एकाच वर्षाची सोबती असतात. पुढील वर्षीची फुले म्हणजे या वर्षीचे बी. म्हणून छायाचित्रासाठी ताटव्यात शिरणारा मनुष्य आजचीच नव्हे, तर पुढच्या वर्षीचीही फुले तुडवीत असतो. सन २०१२ मध्ये या पठाराचा जागतिक वारशात समावेश झाला आणि गर्दी वाढली. तेव्हा हे ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कारवीची तर गोष्टच वेगळी. ती सात वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरते. तिच्या काठ्यांचे कूड शेणामातीने लिंपून डोंगरवासी घरे उभारीत आले आहेत.

या डोंगरवासीयांना फुले पाहण्यास मुद्दाम कोठे जावे लागत नाही. मात्र सवडही नसते. नाचणी आणि वरी कापणीस येते, तिची मळणी उरकावयाची असते. गवत फार वाळण्यापूर्वी कापून गंजी रचावयाच्या, कारण गुरांचा उन्हाळा त्यांवरच निघतो. आश्विनात भरून वाहणाऱ्या झऱ्यांपैकी कितीतरी चैत्रापर्यंत आटतात, हे पाणी भरणाऱ्या बायकांइतके कोणासच ठाऊक नसते. कार्तिक सरता सरता उभे गवत पिवळे पडू लागते, आणि वणव्याच्या भयाने घराभोवतीचा पट्टा साफ करण्याचे काम हाती घ्यावे लागते.