सायकलचा सांधा : सफाई कुठवर करावी?

कापडाच्या धंद्यातला हा जुना अनुभव आहे. विरळ विणीच्या कापडाला भरपूर खळ दिली की ठाण हाताला भरीव लागते आणि गिऱ्हाईक खूष होऊन जाते. पहिल्याच धुण्यात खळ निघून जाते आणि कापडाची खरी वीण दिसते. सायकलच्या फ्रेमवरील वेल्डिंगची सफाईही याच जातीची आहे. फरक एवढाच की कापड फसले तर पैसे जातात, सांधा तुटला तर माणसाची हाडे मोडतात.

जुनी सायकल नव्यासारखी करून द्या, वेल्डिंगचे टेंगूळ दिसू देऊ नका, अशी मागणी घेऊन गिऱ्हाईक वेल्डिंगच्या किंवा रंगकामाच्या दुकानात येते. काम चांगले आहे, मजुरीही बरी मिळते. मात्र ते हाती घेण्यापूर्वी सांधा कोणत्या प्रकारचा आहे हे कारागिराने ओळखले पाहिजे.

तीन प्रकारचे सांधे

आपल्याकडील काळ्या, उभ्या दांड्याच्या सायकलींत नळ्या लोखंडी खोबणीत, म्हणजे लगमध्ये बसवून पितळी झाळ देण्याची पद्धत जुनी आहे. इथे सफाईचे काम थोडेच असते. लगच्या कडेला सांडलेले पितळ कानशीने काढले की झाले.

दुसरा प्रकार लगशिवाय पितळाचा जाड थर देऊन केलेल्या सांध्याचा. पितळ सुमारे ९०० अंशांवर वितळते, पोलाद त्याहून बऱ्याच वर. म्हणून नळी न वितळता जोड बसतो. हा थर कानशीने घासून पाण्यासारखा गुळगुळीत करता येतो. पितळ पिवळे आणि पोलाद पांढरे असल्याने कारागिराला रंगच इशारा देतो. पांढरे दिसू लागले की हात थांबवायचा.

तिसरा प्रकार टिग किंवा मिग वेल्डिंगचा. इथे भर आणि नळी एकाच रंगाची असते. वेल्ड कुठे संपला आणि नळी कुठे सुरू झाली हे घासताना कळत नाही. खरा धोका इथेच आहे. हलक्या प्रतीच्या नव्हे, तर उंची पोलादी फ्रेमच्याच नळ्या पातळ असतात. काहींची जाडी टोकाला ०.९ मिलिमीटर आणि मध्यभागी ०.६ मिलिमीटर इतकीच असते. अँगल ग्राइंडर एक क्षण घसरला तरी त्यातली निम्मी जाडी उडते. वरून रंग बसला की कोणाला दिसत नाही, पण तडा तिथूनच सुरू होतो.

अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट वेगळी

अमेरिकेच्या कॅननडेल कंपनीने १९८३ साली जाड अ‍ॅल्युमिनियम नळ्यांची सायकल बाजारात आणली. तिचे सांधे घासून इतके साफ केलेले असत की जोड शोधावा लागे. ते पाहून आपला कारागीर म्हणेल, मग मी का करू नये? उत्तर असे की सांधा घासायचा हे ठरवूनच कारखान्यात भर जादा घातली जाते. शिवाय ६०६१ या जातीचे अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ निम्म्याच्या आसपास ताकद गमावते. ती परत आणण्यासाठी अख्खी फ्रेम भट्टीत सुमारे ५३० अंशांपर्यंत तापवून थंड करतात आणि नंतर कमी आचेवर कित्येक तास ठेवतात. मोहल्ल्यातील दुकानात ही सोय नसते. म्हणून तयार अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचा वेल्ड घासू नये आणि तुटलेला सांधा जोडून वर सफाई करून देऊ नये.

कामाची रीत

प्रथम जुना रंग उतरवावा. अ‍ॅल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा वापरू नये, तो धातू खातो. लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रशही त्यावर चालवू नये.

नंतर तडा तपासावा. सांध्यावर रॉकेल लावून थोडा वेळ ठेवावे, कोरडे पुसून खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. हँडलच्या नळीखालचा जोड आणि पायडलच्या कप्प्याभोवतीचे जोड विशेष पाहावेत. रेघ दिसली तर सफाईचे काम तिथेच थांबवावे.

तडा नसेल तर अर्धगोल कानशीने फक्त उडालेले शिंतोडे आणि वर आलेले टेंगूळ काढावे. वेल्डची कड जिथे नळीला मिळते तिथे कानस लावू नये. पुढे एमरी कापडाची पट्टी घेऊन ८०, १२०, २४० नंबर अशा क्रमाने चालवावी. शेवटचे ओरखडे नळीच्या लांबीच्या दिशेने राहतील असे पाहावे, आडवे ओरखडे तड्याला वाट देतात. तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

उरलेला उंचसखलपणा धातू घासून नव्हे, तर लांबी भरून झाकावा. मात्र पावडर कोटिंग करायचे असेल तर साधी लांबी चालत नाही, कारण भट्टी १८० ते २०० अंशांवर असते. त्या कामासाठी उष्णता सोसणारी धातुमिश्रित लांबी घ्यावी. प्रायमर त्याच दिवशी मारावा, उघड्या लोखंडाला गंज धरायला रात्र पुरते.

हिशेब साफ ठेवा

शेवटी धंद्याची गोष्ट. बिलावर सफाईची मजुरी आणि दुरुस्तीची मजुरी वेगवेगळी लिहावी. लांबी कुठे भरली तेही लिहावे. तड्यावर लांबी चोपडून रंग मारायला सांगणारे गिऱ्हाईकही भेटते, बहुधा सायकल विकायची असते. अशा वेळी काम परत करावे. त्या दिवशीची मजुरी बुडेल हे खरे. पण ती सायकल उद्या कोणाचा तरी मुलगा शाळेत नेणार आहे, आणि सांधा तुटला की लोक रंग कोणी मारला हेच विचारतात.