एक पडदा, चार संगणक

१९८० च्या दशकात घरी वापरण्यासाठी निघालेले छोटे संगणक जपून ठेवणारे हौशी लोक ब्रिटनमध्ये आजही पुष्कळ आहेत. संगणक कपाटात रचून ठेवता येतात. काचेच्या चित्रनलिकेचे मॉनिटर मात्र जड असतात, जागा अडवतात आणि बिघडले तर नवे मिळत नाहीत. म्हणून सगळे संगणक एकाच मॉनिटरवर चालवायचे, अशी या मंडळींची धडपड असते. वरवर पाहता हा केबल बदलण्याचा प्रश्न वाटतो. खोलात गेले की त्यात शाळेतले भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही सापडतात.

उदाहरणासाठी चार संगणक घेऊ: बीबीसी मायक्रो (१९८१), झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२), कमोडोर ६४ (१९८२) आणि अमिगा ५०० (१९८७). यांतला बीबीसी मायक्रो काही ज्येष्ठ शिक्षकांना आठवत असेल. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पात तोच भारतातील शाळांना दिला गेला होता. चौघांसाठी मॉनिटर एकच, कमोडोर १०८४.

रेषांचा वेग

चित्रनलिकेत इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर एकाखाली एक आडव्या रेषा ओढत जातो. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे रूढ झालेल्या ‘पाल’ या रंगीत दूरचित्रवाणी पद्धतीत एका चित्रात ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रे असतात. म्हणजे सेकंदाला ६२५ × २५ = १५,६२५ रेषा. हे चारही संगणक घरच्या टीव्हीला जोडता यावेत अशा बेताने बनवलेले होते. त्यामुळे त्यांचा वेगही जवळपास तेवढाच आहे, आणि म्हणूनच एका मॉनिटरवर चौघांची सोय होऊ शकते.

१९८७ मध्ये आलेल्या आयबीएमच्या व्हीजीए पद्धतीत सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा लागतात. निव्वळ व्हीजीएसाठी बांधलेल्या मॉनिटरवर या चौघांचे चित्र स्थिर होत नाही. झोत वळवणारे मंडल ठरावीक वेगासाठी बांधलेले असते. चित्रनलिकेला लागणारा हजारो व्होल्टचा दाबही बहुधा त्याच मंडलातून तयार होतो. भलत्या वेगाचा संकेत दिला तर काही जुने मॉनिटर कायमचे निकामी होतात.

चित्र येते कोणत्या वाटेने?

मूळ स्पेक्ट्रम आपले चित्र रेडिओ लहरीवर चढवून टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटकडे पाठवतो. १०८४ मॉनिटरमध्ये ही लहर पकडणारा ट्यूनर नाही. त्यावर एक सोपा उपाय आहे. मध्ये एखादा जुना व्हीसीआर ठेवायचा. त्याचा ट्यूनर लहर पकडतो आणि साधा व्हिडिओ संकेत मॉनिटरला देतो.

या साध्या संकेतात उजेड, रंग आणि रेषा कुठे सुरू करायची याची खूण, हे सारे एकाच तारेतून येते. कमोडोर ६४ उजेड आणि रंग दोन वेगळ्या तारांनीही देऊ शकतो. १०८४ मध्ये त्याचीही सोय आहे आणि चित्र बरेच स्वच्छ दिसते.

बीबीसी मायक्रो तांबडा, हिरवा व निळा असे तीन रंग तीन तारांनी देतो. का, ते हिशेबाने पाहू. त्याच्या सर्वांत बारीक चित्रात एका रेषेवर ६४० ठिपके ४० मायक्रोसेकंदांत उमटतात, म्हणजे मायक्रोसेकंदाला १६. एक ठिपका काळा, एक पांढरा असे धरले तर मायक्रोसेकंदाला ८ आवर्तने, अर्थात ८ मेगाहर्ट्झ. टीव्ही प्रक्षेपणात चित्रासाठी मिळतात फक्त ५ ते ५.५ मेगाहर्ट्झ. म्हणून अँटेनाच्या वाटेने आलेली ८० स्तंभांची बारीक अक्षरे पुसट होतात, आणि तीन तारांनी आलेली स्वच्छ दिसतात.

दाबाचा फरक

अमिगाही तीन रंग तीन तारांनी देतो, पण त्याची रीत वेगळी आहे. बीबीसी मायक्रोची प्रत्येक तार चालू किंवा बंद, एवढेच सांगते. म्हणून रंग २ × २ × २ = ८. अमिगाच्या तारेवर दाब ० ते सुमारे ०.७ व्होल्ट यांच्या दरम्यान १६ पायऱ्यांनी बदलतो. म्हणून रंग १६ × १६ × १६ = ४,०९६. चालू-बंद संकेताचा दाब ५ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. तो ०.७ व्होल्टसाठी केलेल्या जागी थेट दिला, तर चित्र बिघडते आणि मंडलाला धोकाही पोचतो. १०८४ दोन्ही रीतींचे संकेत घेतो, मात्र केबल योग्य हवी.

एकाच प्रकारचे दोन संगणक असतील तर मध्ये निवड-स्विच बसवावा. दोन्हींच्या तारा एकत्र पिळून जोडू नयेत. तसे केल्यास एका संगणकाचा संकेत दुसऱ्याच्या संकेतात मिसळतो आणि रेषा कुठे सुरू करायची हेच मॉनिटरला कळत नाही. केबल बदलताना संगणक व मॉनिटर दोन्ही बंद ठेवावेत. मॉनिटरचे झाकण मात्र उघडू नये. बंद केल्यावरही चित्रनलिकेत जीवघेणा दाब काही काळ टिकून राहू शकतो.

थोडक्यात, प्लग सॉकेटात बसला म्हणजे जोडणी झाली असे नाही. वेग, वाट आणि दाब हे तीनही जुळावे लागतात.

वर्गासाठी प्रश्न: अमेरिकेतील जुन्या पद्धतीत एका चित्रात ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रे असत. तेथील संगणकाचा रेषांचा वेग काढा. तो १५,६२५ च्या किती जवळ आहे? मग अशा संगणकाचे चित्र १०८४ वर स्थिर राहील का, याची चर्चा करा.