पाळी गेल्यावरची गोळी आणि रोजचं ताट

गौरी-गणपती जवळ आले की औषधांच्या दुकानांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांना मागणी येते. त्या गोळ्यांना आपल्याकडे सरसकट ‘हार्मोनच्या गोळ्या’ म्हणतात. त्या घेऊन कुणाला मळमळलेलं असतं, कुणाचं अंग जड झालेलं असतं, कुणाची पुढची पाळी बिघडलेली असते. मग पुढे पन्नाशीला टेकलेल्या त्याच बाईला डॉक्टरांनी हार्मोन थेरपी सुचवली की घरातून पहिला आवाज उठतो, ‘नको गं बाई त्या हार्मोनच्या गोळ्या!’

नाव एक असलं तरी औषधं वेगळी आहेत. पाळी ढकलायच्या गोळीत नोरेथिस्टेरॉन असतं आणि ते बहुधा ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा असं घेतलं जातं. हार्मोन रिप्लेसमेंट थेरपीत, म्हणजे एचआरटीत, मुख्य औषध इस्ट्रोजेन. पाळी जाताना बीजकोश जे बनवायचं थांबवतात, तेच थोड्या मात्रेत परत द्यायचं. गर्भपिशवी जागेवर असेल तर तिचं अस्तर वाढत जाऊ नये म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन. अंगातून वाफा निघणं, रात्री दरदरून घाम येऊन झोप मोडणं, योनिमार्गाचा कोरडेपणा यांवर हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे आणि त्याने हाडांची झीजही रोखली जाते. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत ५१च्या आसपास. म्हणजे भारतीय बाईचं इस्ट्रोजेनविना जगणं चार-पाच वर्षं आधीच सुरू होतं.

एचआरटीमुळे कर्करोग होईल ही भीती कुठून आली तेही सांगायला हवं. अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाची मोठी चाचणी चालू होती. तिचा १६,६०८ बायकांचा एक भाग जुलै २००२मध्ये मुदतीआधी थांबवला गेला आणि जगभर मथळे झळकले. आकडा असा होता: इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त. धोका खरा होता आणि आजही तो गृहीत धरूनच औषध दिलं जातं. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मथळ्यांत आलं नाही. आज साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत, त्रास होत असलेल्या निरोगी बाईला बहुतेक वेळा फायदा धोक्यापेक्षा जास्त, असं तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका होऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, अंगावरून जाणाऱ्या रक्ताचं कारण सापडलं नसेल, तर मात्र ही वाट सहसा बंद असते. तो निर्णय डॉक्टरांसमोर बसूनच घ्यायचा.

पण औषध सुरू झाल्यावर ताटात काय असावं, याबद्दलचे गैरसमज मला जास्त छळतात. त्यातला सर्वांत महागात पडणारा हा:

‘हाडांसाठी गोळी चालू आहे, मग कॅल्शियम कशाला?’

इस्ट्रोजेन हाडांची मोडतोड थोपवतं. हाड बांधायला लागणारा माल ते आणत नाही, तो ताटातूनच यावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशीनुसार पाळी गेलेल्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आता घरातल्या बाईचा दिवस डोळ्यांपुढे आणा. दूध मुलांना आणि सासऱ्यांना, तिच्या वाट्याला चहात पडेल तेवढं. दोन-तीन कप चहातल्या दुधातून शंभर-सव्वाशे मिलिग्रॅम मिळतं. हिशेब तिथेच बसत नाही.

तो बसवायला काही परदेशातून आणावं लागत नाही. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे दोन मध्यम भाकऱ्यांतून पावणेतीनशेच्या आसपास. मोठा पेलाभर दूध तीनशे. वाटीभर दही पावणेदोनशे. चमचाभर तिळाची चटणी शंभराच्या पुढे. शेवग्याच्या पाल्याची भाजी तर दुधाला मागे टाकते: १०० ग्रॅम पाल्यात तीनशेच्या वर. आपल्याकडे शेंगा खाल्ल्या जातात आणि पाला झाडावरच वाळतो, याची मला दरवर्षी हळहळ वाटते. किनारपट्टीवरच्या बायकांना मांदेलीसारखी काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आहे. पालकाचं नाव मात्र या यादीत नाही. त्यात कॅल्शियम दिसतं भरपूर, पण ऑक्झलेटमुळे ते बांधलेलं राहतं आणि फारच थोडं अंगी लागतं. लोणचं-पापड रोजचे असतील तर जास्तीचं मीठ लघवीवाटे कॅल्शियमही घेऊन जातं, हेही लक्षात असू द्या.

‘ड’ जीवनसत्त्वासाठी सकाळचं कोवळं ऊन पुरतं, ही समजूत तर घराघरांत आहे. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फार कमी असतात, ते साधारण ११ ते ३ या वेळात जास्त असतात. खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ त्या उन्हात बसणं जमत नसेल, तर रक्त तपासून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.

‘हार्मोन घेतले की बाई फुगते’

सुरुवातीला काहींना अंगात पाणी धरल्यासारखं वाटतं, स्तन भरल्यासारखे होतात. पण एचआरटीने चरबी वाढते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. या वयात औषध घेणाऱ्यांचंही वजन वाढतं आणि न घेणाऱ्यांचंही. स्नायू कमी होत जातात, हालचाल घटते, झोप बिघडते आणि इस्ट्रोजेन गेल्यावर चरबी नितंब-मांड्यांकडून पोटाकडे सरकते.

मग वजन वाढलं म्हणून बाई रात्रीचं जेवण सोडते आणि स्नायू आणखी झिजतात. खरं तर या वयात प्रथिनं वाढवायला हवीत, वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ग्रॅम. पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच ग्रॅम असतात, त्यामुळे आमटी-भातावर हे जमत नाही. मटकी किंवा मुगाची घट्ट उसळ, घट्ट वरण, शेंगदाणे, दही-पनीर, अंडी, मासे, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं, आणि तेही तिच्या ताटात. सगळ्यांचं वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी उरलेला रस म्हणजे उसळ नव्हे.

आणि चालणं. रोज चालणं हृदयाला उत्तम, पण हाडांना तेवढं पुरत नाही. त्यांना वजनाचा ताण लागतो. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत हाडं विरळ झालेल्या, पाळी जाऊन वर्षं लोटलेल्या बायकांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा अर्धा तास वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता वाढलेली होती. घरी सुरुवात करायची तर खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, टाचा उचला, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातांत घ्या. गुडघे-पाठ दुखत असतील तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा.

‘सोयाबीन आणि जवस खा, हार्मोन नकोत’

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी साधर्म्य असलेली द्रव्यं आहेत, हे खरं. त्याने काहीजणींच्या वाफा थोड्या कमी होतात, पण एचआरटीची बरोबरी होत नाही. जवसाची चाचणी झाली तेव्हा वाफांच्या बाबतीत फरकच दिसला नाही. महिन्याच्या ठरावीक दिवसांत ठरावीक बिया खाऊन हार्मोन ‘संतुलित’ होतात, या मोबाइलवर फिरणाऱ्या सल्ल्याला आधार नाही. म्हणून विदर्भातल्या बायकांनी जवसाची चटणी सोडावी असं नाही. तंतू आणि चांगल्या स्निग्धांसाठी ती जरूर खावी. एचआरटीसोबत सोयाबीनची भाजी खायलाही हरकत नाही. सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने जोडू नयेत.

‘औषध उष्ण पडतं, म्हणून तीळ, अळीव, मेथी बंद’ हा सल्लाही ऐकू येतो. तीळ-मेथीमुळे एचआरटीत काही बिघडतं असा पुरावा नाही, आणि तीळ बंद केले की कॅल्शियमचा एक चांगला झरा आटतो. मसालेदार जेवणाने किंवा उकळत्या चहाने वाफा वाढतात असं तुम्हाला जाणवत असेल, तर तेवढं कमी करा. हे प्रत्येकीचं वेगळं असतं.

उपवासाच्या दिवशी गोळी चुकवू नका. खाडा झाला की मध्येच रक्त दिसू शकतं आणि नाहक घाबरगुंडी उडते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, शेंगदाण्याची आमटी असा फराळ केला, तर एकादशीचं ताट रोजच्यापेक्षा सरस होतं.

औषधाशी खरोखर भांडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत आणि त्यांची चर्चा मात्र कुठे होत नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे थायरॉइडच्या गोळीचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून एचआरटी सुरू झाल्यावर दीड ते तीन महिन्यांत टीएसएच तपासून घ्या. त्वचेवर लावायच्या जेल किंवा पॅचने हा प्रश्न सहसा येत नाही. गुठळ्यांचा धोकाही त्यांनी वाढताना दिसत नाही, कारण ते औषध आधी यकृतातून जात नाही. कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. ग्रेपफ्रूट आपल्याकडे क्वचित मिळतं, पण कोकण-गोव्यात गणपतीपुढे ठेवलं जाणारं पपनस त्याचंच भावंड आहे. त्यातली द्रव्यं काही औषधांची रक्तातली पातळी वाढवतात. त्यामुळे ते रोज खात असाल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. मोसंबी-संत्र्याची काळजी नको. मद्याने स्तनाच्या कर्करोगाचा धोका एरवीही वाढतो, एचआरटीसोबत तर ते टाळणंच बरं. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन एचआरटीचा परिणाम कमी करतं.

‘पिशवी काढली, आता हार्मोनचा काय संबंध?’

हार्मोन पिशवीत बनत नाहीत, बीजकोशांत बनतात. पिशवी काढून बीजकोश ठेवले असतील तर ते काम करत राहतात, मात्र पुढे थोडे लवकर थकू शकतात. दोन्ही बीजकोश काढले असतील तर त्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू, वय तीस असो की पंचेचाळीस. चाळिशीच्या आत असं झालं, तर काही मोठी अडचण नसल्यास नैसर्गिक वयापर्यंत तरी एचआरटी घ्यावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला आहे. न घेतल्यास हाडं आणि हृदय दोन्ही अकाली म्हातारी होतात.

२०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती. त्यांतल्या कितीतरी तरुण होत्या. या बायका पहाटे अंधारात फडात उतरतात, उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहतात आणि भाकरी-चटणीवर दिवस काढतात. पाठ दुखते, रात्री घाम फुटतो, झोप लागत नाही, तर ते कामामुळे असेल असं धरून चालतात. एचआरटीची आणि नाचणी-दूध-डाळीची सर्वांत जास्त गरज जिला आहे, तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही.

तुमच्या घरात, शेतावर, कामाला येणाऱ्या मावशींत अशी कुणी असेल, तर तिच्या ऑपरेशनचा कागद शोधायला मदत करा. डिस्चार्ज कार्डावर पिशवीसोबत बीजकोश काढल्याची नोंद आहे का, एवढं वाचून घ्या, आणि तो कागद घेऊन तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या.