जुनी फिल्म जपून ठेवा

आमच्या पोखर्णीत फोटो म्हणजे एकतर नृसिंहाचा, नाहीतर लग्नातला. त्यामुळे फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दीड वर्ष झाल्यावर माझ्या आत्याला पुन्हा छातीच्या फोटोला बोलावले, तेव्हा ती म्हणाली, "दुखत नाही, खुपत नाही, मग फोटो कशाला रे बाबा?" प्रश्न रास्त होता. उत्तर शोधताना जे समजले ते येथे मांडतो.

हा रोग उलटला तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत उलटतो, आणि सुरुवातीस तो दुखत नाही. म्हणून त्या काळात साधारणतः दर सहा महिन्यांनी व पुढे वर्षातून एकदा सी. टी. स्कॅन करतात. साधा एक्स-रे म्हणजे छातीची एकच सपाट सावली. हृदयाआडची लहान गाठ तीत लपते. सी. टी.मध्ये काकडीच्या चकत्यांप्रमाणे छातीचा एकेक थर पाहता येतो. या शोधाबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु यंत्र डाग दाखवते. तो कशाचा, हे दर वेळी सांगतेच असे नाही. आपल्याकडे क्षयाचे जुने व्रण अनेकांच्या छातीत असतात. किरणोपचार घेतलेल्यांच्या फुप्फुसात पुढे महिनोन्महिने व्रण बदलत राहतो व कधी गाठीसारखा भासतो. विडी ओढणाऱ्यास दुसऱ्या, नव्या कर्करोगाचा धोका राहतो. आणि जन्मात विडीला न शिवलेल्या आत्यासारख्या बाईलाही हा रोग होतो. रुग्ण असे भिन्न, तरी पहिली कसोटी एकच : मागच्या फोटोशी तुलना. डाग वाढला, की तसाच आहे?

आम्ही नेमके तेच विसरलो. जुन्या फिल्मा गावी पेटीत, आणि आम्ही दवाखान्यात! डॉक्टर म्हणाले, "डाग दिसतो, मागची फिल्म आणा." पुन्हा प्रवास, पुन्हा बुडालेली मजुरी. आठ दिवस घरात कोणाला घास गोड लागला नाही. दोन्ही फिल्मा शेजारी लावल्या, तेव्हा कळले की डाग तसूभरही वाढला नव्हता. तो जुन्या क्षयाचा व्रण होता.

फ्रान्समधील १,७७५ शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक्स-रेऐवजी सी. टी. केल्याने आयुष्य वाढते असे सिद्ध झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा फोटो किती वेळा काढायचा, ते डॉक्टरांनी ठरवावे. काढलेला जपणे मात्र आपल्या हाती आहे. मित्रहो, सुटीत गावी जाल तेव्हा घरच्या रुग्णाच्या फिल्मा तारखेप्रमाणे लावून द्या. आपल्या शिक्षणाचा एवढा तरी उपयोग व्हावा.