काचेवरचा टवका आणि विम्याचा हिशेब

पुढे चाललेल्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा कारच्या पुढच्या काचेवर बसला की मुगाएवढा टवका उडतो. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात वाहनचालकांना याचा अनुभव नवा नाही. बैतूल–नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ४७ पांढुर्ण्यावरून जातो, तर छिंदवाडा–सावनेर हा ५४७ सौसरवरून. संत्र्यांच्या गाड्या, गिट्टीचे डंपर आणि सौसरकडचे मँगनीज वाहणारे ट्रक याच रस्त्यांवर धावतात.

पुढची काच एकसंध नसते. काचेच्या दोन पातळ तावांमध्ये पारदर्शक प्लास्टिकचा थर चिकटवलेला असतो. त्यामुळे मार बसला तरी तुकडे अंगावर येत नाहीत. टवका सहसा बाहेरच्या तावापुरताच असतो, पण त्या जागी काच कमजोर होते. मे महिन्यात गाडी उन्हात तापलेली असताना एसी एकदम जोरात सोडला किंवा काचेवर गार पाणी ओतले, तर काच सगळीकडे सारखी आकुंचन पावत नाही. हा ताण टवक्यावर येतो आणि तिथून तडा पळतो.

म्हणून टवका दिसताच ती जागा कोरड्या फडक्याने पुसून तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. धूळ आणि पाणी आत गेले की दुरुस्ती नीट बसत नाही. दुरुस्तीत टवक्यातली हवा ओढून घेतात, पातळ रेझिन भरतात आणि अतिनील प्रकाशाने ते घट्ट करतात. टवका नाण्याहून लहान, काचेच्या कडेपासून दूर आणि चालकाच्या थेट नजरेबाहेर असेल तर हा उपाय चालतो. तडा लांबला किंवा आतल्या तावापर्यंत पोचला, तर काच बदलणेच सुरक्षित.

खर्चाचा प्रश्न येतो तेव्हा हातात कोणती पॉलिसी आहे, ते आधी पाहावे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार बंधनकारक असलेला थर्ड पार्टी विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतःच्या गाडीच्या काचेसाठी त्यातून पैसे मिळत नाहीत. त्यासाठी सर्वसमावेशक पॉलिसी किंवा स्वतंत्र ‘ओन डॅमेज’ संरक्षण लागते. अपघाताने उडालेला दगड आणि गारपीट ही दोन्ही कारणे त्यात बसतात. प्रमाणित पॉलिसीत रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर मात्र शून्य. तरीही १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला प्रत्येक दाव्यात पहिले १,००० रुपये मालकाने भरायचे असतात, त्यापुढच्या कारला २,०००.

दावा केला की नो क्लेम बोनसही जाऊ शकतो. समजा, ओन डॅमेजचा हप्ता ८,००० रुपये आणि बोनस ५० टक्के आहे. दाव्यानंतर बोनस शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ अशा टप्प्यांनी वाढत पुन्हा ५० वर पोचतो. हप्ता तेवढाच राहिला असे धरले, तर या काळात सुमारे १०,००० रुपयांची सवलत हातची जाते. ७,००० रुपयांच्या काचेसाठी असा दावा तोट्याचा ठरतो. काच महाग असेल, विशेषतः तिच्यामागे चालकसाहाय्याचा कॅमेरा असेल, तर गणित उलटते. बोनस राखणारे पूरक संरक्षण घेतले आहे का, तेही पॉलिसीत पाहावे.

दावा करायचे ठरले तर काच काढण्यापूर्वी कंपनीला कळवावे, फोटो काढावेत आणि पाहणी होऊ द्यावी. पॉलिसी देशभर लागू असते. त्यामुळे मध्य प्रदेशात नोंदलेल्या गाडीची काच नागपुरात बदलली तरी अडचण नाही. रोख भरायची नसेल, तर गॅरेज कंपनीच्या कॅशलेस यादीत असावे. जुन्या काचेबरोबर फास्टॅगही जातो, म्हणून बँकेकडून बदली टॅग घ्यावा. दावा विनाकारण नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान झाले नाही, तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

टवका लहान असेपर्यंत खर्चही लहान असतो. तो खिशातून करून लगेच बुजवून घ्यावा आणि विमा मोठ्या नुकसानीसाठी राखावा, यातच वाहनमालकाचे हित आहे.