जबड्याच्या सर्जरीनंतर दात बधिर झाला, म्हणजे तो मेला का?

जबड्याची सर्जरी झालेल्या अनेकांना घरी आल्यावर एक गोष्ट जाणवते. वरच्या दातांना बोट लावलं तरी कळत नाही, गार पाणीही लागत नाही. मग धास्ती वाटते, दात मेले की काय?

बहुतेकांच्या बाबतीत तसं नसतं.

दाताच्या आत पल्प नावाचा मऊ गर असतो. त्याला रक्त मिळतं ते मुळाच्या टोकाच्या बारीक छिद्रातून. वरचा जबडा पुढे-मागे सरकवण्याच्या 'ले फोर्ट १' सर्जरीत नेमकं या मुळांच्या वरूनच हाड आडवं कापतात आणि जबडा सुटा करतात. (वाचूनच अंगावर काटा येतो!) हाडातून दातांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या त्यात तुटतात.

तरी दात जगतात, ते मुख्यतः टाळूमुळे. हाड कापलं तरी टाळूचं मऊ आवरण जबड्याला जोडलेलंच ठेवतात. त्यातून रक्त येत राहतं. अमेरिकन सर्जन विल्यम बेल यांनी १९६९ पासून माकडांवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. मुळांच्या टोकांपासून साधारण ५ मिलिमीटर अंतर सोडून कापण्याची पद्धतही यासाठीच. सुरुवातीला दातांचा रक्तप्रवाह कमी होतो, पण सहसा हळूहळू सावरतो.

मग दात बधिर का? कारण रक्तवाहिन्यांसोबत संवेदना नेणारे तंतूही तुटतात आणि ते सावरायला कित्येक महिने लागतात. काहींचा थोडा बधिरपणा कायमचा राहतो. आपण बोलताना दोन्हींना 'नस'च म्हणतो, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो.

खरी अडचण तपासणीत आहे. दवाखान्यात दातावर गार फवारा मारतात किंवा सौम्य करंट देतात. यातून संवेदना कळते, रक्तप्रवाह नाही. जिवंत दातही 'फेल' होऊ शकतो आणि विनाकारण रूट कॅनाल होऊ शकतं. रक्तप्रवाह मोजणारं लेझर डॉप्लर तंत्र आहे, पण ते जास्त करून संशोधनातच वापरलं जातं.

दात करडा पडला, चावताना दुखू लागला, हिरडीला पू आला किंवा एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसली, तर मात्र थांबू नका. जबड्याचे तुकडे करण्यासाठी दोन दातांच्या मधून काप घेतला असेल, तर त्या दातांना धोका जास्त असतो. सिगारेट ओढत असाल तर सोडा, निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

आणि नव्या डेंटिस्टकडे गेलात, तर खुर्चीत बसल्याबसल्या सर्जरी कधी झाली ते सांगा.